उभ्या गाडीची बॅटरी

मोटारीची बॅटरी गाडी चालताना भरते आणि उभी असताना उतरते. इंजिन बंद केले, दारे लावली, किल्ली खुंटीला अडकवली, तरी गाडीतले सगळेच झोपत नाही. घड्याळ चालू राहते, सेंट्रल लॉक किल्लीच्या इशाऱ्याची वाट पाहत असते, चोरीचा अलार्म जागा असतो, इंजिनाचा संगणक आपल्या नोंदी जपत असतो. या सगळ्यांना मिळून अलीकडच्या गाड्यांत साधारण २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. आकडा क्षुल्लक दिसतो. मोबाइलचा चार्जर याच्या कितीतरी पट ओढतो. पण चार्जर काढून ठेवता येतो आणि ही गळती रात्रंदिवस चालू असते.

३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास आणि आठवड्याला पाच. लहान पेट्रोल गाडीत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. दुकानदार तिला ‘पस्तीस एएच’ म्हणतो. कागदावर ती सात आठवडे पुरायला हवी. प्रत्यक्षात निम्मी उतरली की सेल्फ (स्टार्टर मोटर) रडायला लागतो, आणि तीन वर्षे वापरलेली बॅटरी मुळात पस्तीसची उरलेलीच नसते. म्हणून खरी मुदत तीन ते चार आठवड्यांची समजावी. गाडीत बाहेरून बसवलेला ट्रॅकर, डॅशकॅम किंवा मोठ्या आवाजाची म्युझिक सिस्टीम असेल तर त्याहूनही कमी.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनीसारख्या गावात ही मुदत सहज उलटते. बाजार, शाळा, बँक, तहसील कचेरी सगळे स्कूटरच्या टप्प्यात. मोटार निघते ती बालाघाटच्या दवाखान्यासाठी, गोंदियाच्या स्टेशनासाठी, लग्नाला किंवा नागपूरला. दोन फेऱ्यांत तीन आठवडे जाणे ही नेहमीची गोष्ट. मुले पुण्या-नागपुरात आणि घरी आईवडील दोघेच असतील तर एमपी-५० पाटीची गाडी दिवाळीपासून होळीपर्यंत कव्हराखालीच राहते. मग विदर्भ एक्स्प्रेसने येणाऱ्या मुलाला घ्यायला गोंदियाला निघायचे म्हणून सकाळी कव्हर काढावे, किल्ली फिरवावी, आणि बॉनेटखालून फक्त ‘टक्’ असा एक आवाज यावा.

या प्रकाराची देशव्यापी चाचणी २०२० साली झाली. २५ मार्चला सुरू झालेली कोरोनाची टाळेबंदी चार टप्प्यांत ३१ मेपर्यंत चालली, म्हणजे ६८ दिवस. या काळात जी गाडी जागची हलली नाही तिची गळती अवघी २० मिलिअँपिअर धरली तरी बेरीज ३२ अँपिअर-तासांच्या वर जाते. पस्तीसच्या बॅटरीत मागे काय राहिले असेल ते सांगायला नको. त्यात ते दिवस एप्रिल-मेचे होते. बॅटरीची आपोआप होणारी झीज, म्हणजे एकही तार जोडलेली नसताना आतल्या आत होणारी, तापमान दर १० अंशांनी वाढले की जवळजवळ दुप्पट होते. पत्र्याच्या शेडखालच्या गाडीला उन्हाळ्यात हा दुहेरी मार बसतो.

बॅटरी उतरणे आणि बॅटरी खराब होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, पण पहिलीतून दुसरी निपजते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. आजच्या मोटारीतली बॅटरी त्याच वंशातली. तिच्यात सहा कप्पे असतात आणि भरलेला प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून बारा व्होल्टची म्हटलेली बॅटरी प्रत्यक्षात १२.६ च्या आसपास दाखवते. वीज बाहेर जाते तसे दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि ॲसिड पातळ होते. बॅटरी लगेच भरली तर हा थर पुन्हा विरघळतो. तशीच पडून राहिली तर त्याचे बारीक कण मोठे, कडक स्फटिक बनतात आणि मग कितीही चार्जिंग केले तरी ते सुटत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा बाद. याला सल्फेशन म्हणतात. उतरलेल्या बॅटरीला ‘बघू पुढच्या रविवारी’ म्हणणे महागात पडते ते यामुळे. एकदा पूर्ण उतरून महिनाभर तशीच राहिलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होईल ही आशा सहसा फळत नाही.

गाडी चालू होत नाही म्हणजे बॅटरीच गेली असे मानण्याआधी दोन मिनिटे आवाज ऐकावा आणि दिवा पाहावा. छतावरचा दिवा लावून किल्ली फिरवायची. दिवा आधीच मिणमिणता असेल, किल्ली फिरवताच जवळजवळ विझत असेल आणि बॉनेटखालून ‘टक-टक-टक’ अशी जलद टिकटिक येत असेल तर बॅटरी उतरली आहे. दिवा लख्ख राहून एकच ‘टक्’ आला तर संशय सेल्फकडे वळतो. सेल्फ नेहमीसारखा जोमाने फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा बॅटरीचा दोष नसतो. पेट्रोल, पंप किंवा सेन्सर पाहावा लागतो. धानाच्या पट्ट्यातल्या गावांत आणखी एक शक्यता असते. कोठीजवळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर घर करतात आणि तारा कुरतडतात. बॉनेट उघडल्यावर कोंडा, चिंध्या किंवा लेंड्या दिसल्या तर आधी तारा तपासाव्यात.

टर्मिनलही नीट पाहावे. जोडावर पांढरट-निळसर खार चढलेला असेल, किंवा क्लॅम्प हाताने फिरत असेल, तर भरलेली बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. घड्याळाचा नगण्य प्रवाह त्या खारातून जातो, सेल्फला लागणारे शंभर-दीडशे अँपिअर जात नाहीत. क्लॅम्प काढून त्यावर खाण्याच्या सोड्याचे कोमट पाणी ओतले की खार फसफसून सुटतो. सोड्याचे पाणी कप्प्यांच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचे नाही. मग काच-कागदाने शिसे चकचकीत होईपर्यंत घासायचे, क्लॅम्प घट्ट आवळायचा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा. व्हॅसलीन आधी लावून क्लॅम्प वर बसवणे ही उलटी रीत. ‘बॅटरी बैठ गई’ म्हणून मेकॅनिककडे आलेल्या काही गाड्यांचे दुखणे इतक्यावर मिटते.

खात्रीसाठी मल्टिमीटर हवा. साधा डिजिटल मीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि क्वचित चालणारी गाडी बाळगणाऱ्या घरात तो असणे जॅक असण्याइतकेच गरजेचे आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, दोन्ही टर्मिनलांवर व्होल्ट मोजायचे. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली; १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव, ११.९ च्या खाली ती रिकामी समजावी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फसवा असतो, कारण पट्ट्यांवर वरवरचा चार्ज साठलेला असतो. हेडलाइट मिनिटभर लावून बंद केले आणि थोडे थांबले की तो उतरतो. मीटर धरलेला असतानाच दुसऱ्याने सेल्फ मारला आणि आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा अपुरी भरलेली आहे. इंजिन चालू झाल्यावर तोच मीटर १३.८ ते १४.७ दाखवायला हवा. तो १२.५ वरच थांबला तर दोष बॅटरीचा नसून आल्टरनेटरचा. मेकॅनिक अजून त्याला डायनामोच म्हणतात.

आल्टरनेटर तपासण्याची एक जुनी पद्धत मात्र आता सोडून द्यायला हवी. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे. इंजिन चालत राहिले तर डायनामो ठीक. अँबॅसिडर आणि जुन्या जीपच्या काळात हे खपून जायचे. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळी घेते आणि इंजिनाच्या संगणकाला इजा होऊ शकते. त्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट असते. कोणी हौसेने पाना घेऊन पुढे आला तर त्याला थांबवावे.

अडलेली गाडी तेवढ्यापुरती चालू करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे जंपर केबलने दुसऱ्या बॅटरीची मदत घेणे. मदत करणारी बॅटरीही १२ व्होल्टचीच हवी. शेजारची मोटार चालते. ट्रॅक्टरही चालतो; त्याची बॅटरी १२ व्होल्टची आणि मोटारीच्या बॅटरीहून मोठी असते, आणि वारासिवनीत मोटारीपेक्षा तो लवकर सापडतो. ट्रक आणि बस यांची प्रणाली बहुधा २४ व्होल्टची असते. तिथून केबल जोडली तर मोटारीतले इलेक्ट्रॉनिक्स जळेल. मोटरसायकलची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी जेमतेम चार ते नऊ अँपिअर-तासांची, तिच्याकडून मोटारीचा सेल्फ फिरण्याची अपेक्षा करणे म्हणजे पोराच्या खांद्यावर पोते देणे.

घरातली इन्व्हर्टरची बॅटरीही लोक अशा वेळी वापरतात आणि ती उपयोगी पडते. १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी १२ व्होल्टचीच असते. ती आधी इन्व्हर्टरपासून पूर्ण सोडवायची. इन्व्हर्टर जोडलेला ठेवून सेल्फ मारायचा नाही. मुख्य अडचण वजनाची. ॲसिडने भरलेली अशी बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते, ती दोघांनी उभीच धरून न्यावी लागते आणि कलंडली तर ॲसिड पायावर. शक्य असेल तर गाडीच ढकलत बॅटरीजवळ आणणे शहाणपणाचे.

केबल जाड हवी. बाजारात ‘५०० अँपिअर’, ‘१००० अँपिअर’ असे छापलेल्या केबलींत जाड प्लास्टिकच्या आत तारेचे चार केस असतात. तांब्याची निदान १६ चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी. घरच्या वायरिंगची दीड-अडीच मिलिमीटरची तार यासाठी मुळीच वापरू नये. सेल्फचा प्रवाह तिच्यातून गेला की वरचे प्लास्टिक वितळून हाताला चिकटते.

जोडण्याचा क्रम ठरलेला आहे आणि त्याला कारण आहे. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता उभ्या कराव्यात, दिवे, पंखा, एसी बंद. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टर्मिनलला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणे टर्मिनलला. शेवटचे काळे टोक उतरलेल्या बॅटरीला लावायचे नाही. ते त्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला, एखाद्या बोल्टला किंवा हुकला, बॅटरीपासून जमेल तेवढे लांब लावायचे. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, आणि ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी उडाली तर बॅटरी फुटून ॲसिड चेहऱ्यावर येऊ शकते. त्याच कारणाने बिडी, सिगारेट, काडी यांना तिथे मज्जाव. अंधारात कोणी प्रेमाने कंदील किंवा मेणबत्ती घेऊन वाकतो, त्याला आधी मागे घ्यावे.

केबल जोडल्यावर लगेच सेल्फ मारायचा नाही. मदतनीस गाडीचे इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवले की उतरलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो आणि केबलीवरचा ताण कमी होतो. मग सेल्फ मारावा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांत मिनिटभराची विश्रांती. गाडी चालू झाली की केबली काढण्याआधी तिचा पंखा किंवा मागच्या काचेचा हीटर लावावा, म्हणजे केबल सुटताना व्होल्टेजचा झटका तिथे जिरतो. काढण्याचा क्रम बरोबर उलटा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर मोठा फ्यूज उडतो आणि नशीब खोटे असेल तर आल्टरनेटरचे डायोडही जातात. खाराने झाकलेल्या टर्मिनलवर रंग दिसत नाही. अशा वेळी बॅटरीच्या अंगावर उठावात कोरलेली अधिक-उण्याची खूण बोटाने चाचपावी, आणि तीही सापडली नाही तर जाड खांब अधिकचा हे लक्षात ठेवावे.

धक्का मारून गाडी चालू करणे हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय. किल्ली ‘ऑन’ करायची, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, चार जणांनी ढकलायचे आणि वेग आला की क्लच एकदम सोडायचा. पण तो हातगिअरच्या गाडीपुरताच, आणि तिथेही बॅटरीत थोडा तरी जीव हवा. पूर्वी कार्ब्युरेटरला विजेचे काही लागत नसे, जीपला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवता येई. आता पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि संगणक यांना वीज मिळाल्याशिवाय इंजिन पेटतच नाही. छतावरचा दिवाही लागत नसेल तर साऱ्या गल्लीने ढकलूनही फक्त घाम निघेल. वारंवारच्या फसलेल्या धक्क्यांत न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तो खराब होतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला धक्का मारण्याचा प्रश्नच येत नाही.

गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. सेल्फने खाल्लेली वीज फार थोडी असते: १५० अँपिअर तीन सेकंद म्हणजे ०.१२ अँपिअर-तास. ती दोन-चार मिनिटांत परत येते. उभे राहून गेलेले वीस-तीस अँपिअर-तास मात्र परत यायला बराच वेळ लागतो. रिकामी बॅटरी सुरुवातीला झपाट्याने वीज घेते, पण ऐंशी टक्क्यांच्या पुढे तिचा घास लहान होत जातो आणि शेवटचा पंचमांश भरायला कित्येक तास जातात. वारासिवनीहून बालाघाट, वैनगंगा ओलांडून, जाऊन येऊन साधारण तासाभराचे चालवणे. तेवढ्यात पाच ते सात अँपिअर-तास परत येतात असे धरायला हरकत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला हे भाकरीतला तुकडा दिल्यासारखे. म्हणून जंपरने गाडी चालू झाली की त्याच दिवशी बॅटरी चार्जरला लावणे हे खरे काम.

चार्जिंगचा साधा नियम म्हणजे क्षमतेचा दहावा भाग. पस्तीसच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, आणि ती पूर्ण रिकामी असेल तर बारा ते चौदा तास. बॅटरीच्या दुकानात ‘तासाभरात करून देतो’ म्हणून वीस अँपिअरवर लावण्याची चाल आहे. गाडी त्याने चालू होते, पण पट्ट्या तापतात, पाणी उडते आणि आयुष्य घटते. संध्याकाळी ठेवून सकाळी न्यावी आणि ‘स्लो चार्जिंग’ असे स्पष्ट सांगावे. घरचा चार्जर घ्यायचा तर भरल्यावर आपोआप थांबणारा घ्यावा. घरचा इन्व्हर्टर मोटारीच्या बॅटरीवर चार्जर म्हणून वापरू नये. तो दहा-पंधरा अँपिअर लोटतो आणि ते पस्तीसच्या बॅटरीला झेपत नाही. चौकातल्या सिग्नलवर आपोआप बंद होऊन चालू होणाऱ्या गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते. तिच्यासाठी चार्जरवर वेगळी व्यवस्था लागते आणि बदलतानाही त्याच प्रकारची बसवावी लागते.

चार्जिंग पूर्ण होऊन रात्र गेल्यावरही मीटर १०.५ वर अडला असेल तर उत्तर त्या आकड्यातच आहे. पाच कप्पे गुणिले २.१ म्हणजे साडेदहा. सहावा कप्पा मेला आहे आणि त्या बॅटरीवर आणखी वीज खर्च करण्यात अर्थ नाही.

बॅटरी सोडवताना उणे टर्मिनल आधी, बसवताना ते शेवटी. बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. अधिक टर्मिनल आधी सोडायला गेले आणि पाना घसरून बॉडीला टेकला तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते, पाना लाल होतो आणि हातातली अंगठी मधे आली तर बोट भाजते. उणे आधी काढले की हा धोका उरत नाही. काढण्यापूर्वी एक काच खाली ठेवावी आणि किल्ली बाहेर आपल्या हातात असावी, कारण वीज गेल्यावर सेंट्रल लॉक आणि डिकी उघडत नाहीत. परत जोडल्यावर घड्याळ लावावे लागते, काही गाड्यांत काचा पुन्हा ‘शिकवाव्या’ लागतात आणि काही म्युझिक सिस्टीम कोड मागतात. तो कोड गाडीच्या पुस्तकासोबतच्या कार्डावर असतो. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे. डोळ्यात गेले तर धूत धूतच डॉक्टरकडे जावे.

झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पाण्याची पातळी पाहावी. पट्ट्या बुडालेल्या हव्यात आणि वरच्या खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आरओचे पाणी हे डिस्टिल्ड नव्हे, एसीतून गळणारे तर नाहीच. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतेच पाणी आधी घालावे आणि बाकीचे चार्जिंगनंतर. आधीच काठोकाठ भरले तर भरताना ॲसिड वर चढून सांडते. ॲसिड सहसा घालावे लागत नाही, कारण उडून जाते ते पाणी. ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीवरचा हिरवा डोळा सहापैकी एकाच कप्प्याची खबर देतो. तो हिरवा असून बॅटरी नादुरुस्त असू शकते.

उतरणे टाळायचे तर आधी गळती मोजावी. उणे केबल सोडून ती आणि टर्मिनल यांच्या मधे मीटर दहा अँपिअरच्या सॉकेटवर जोडायचा, दारे बंद, किल्ली गाडीपासून लांब. बिनचावीच्या गाडीत किल्ली जवळ असली की गाडी झोपतच नाही. म्हणून ती दाराजवळच्या खुंटीऐवजी आतल्या खोलीत ठेवणेही उपयोगी. मीटर सुरुवातीला जास्त दाखवतो, कारण संगणक झोपायला वीस-तीस मिनिटे घेतात. त्यानंतरही आकडा ५० मिलिअँपिअरच्या बराच वर असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याने आकडा पडतो त्या वाटेवर चोर आहे. डिकीतला न विझणारा दिवा आणि बाहेरून बसवलेले सामान हे नेहमीचे संशयित. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल.

आठवड्यातून एकदा अंगणातच गाडी दहा मिनिटे चालू ठेवण्याची पद्धत घरोघर पाळली जाते. तिचा हिशेब असा: मंद गतीवर आल्टरनेटर कमी वीज देतो, दहा मिनिटांत फार तर एखादा अँपिअर-तास बॅटरीत पडतो, आणि आठवड्याची गळती पाच. पाच रुपये पडून एक सापडल्यासारखे. शिवाय इंजिन पुरते तापत नाही, तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते. त्याऐवजी आठवड्याला एकदा बालाघाटपर्यंत जाऊन यावे; तासाभराच्या चालवण्यात आठवड्याची गळती भरून निघते, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत आणि ब्रेकच्या डिस्कवरचा गंज घासला जातो. गावातल्या बाजाराची फेरी यात धरू नये.

हे जमणार नसेल तर दोन मार्ग राहतात. गाडी तीन आठवड्यांहून अधिक काळ उभी राहणार असेल तर उणे टर्मिनल सोडून ठेवावे. बॅटरीवर बसणारा पितळी कट-ऑफ स्विच स्वस्तात मिळतो आणि पान्याची गरज राहत नाही. वयस्कर माणसांसाठी हे सर्वांत सोयीचे. मात्र तेवढा काळ अलार्म बंद असतो, म्हणून गाडी फाटकाच्या आत हवी. दुसरा मार्ग मेंटेनर चार्जरचा. तो भिंतीतल्या प्लगला लावून महिनोन्‌महिने जोडलेला ठेवता येतो, बॅटरी साडेतेराच्या आसपास धरून ठेवतो आणि वीज जाऊन आली तरी पुन्हा कामाला लागतो. शेड उघड्यावर असेल तर लहान सोलर पॅनेल तेच काम करते, पण मधे चार्ज कंट्रोलर हवा. उणे टर्मिनल सोडलेली बॅटरीसुद्धा आपसूक उतरतेच. दोन महिन्यांतून एकदा, उन्हाळ्यात दर महिन्याला, ती मोजावी आणि १२.४ च्या खाली गेली की भरावी.

खिशात मावणारे लिथियम जंप-स्टार्टर आता मिळतात आणि ते चांगले काम करतात, स्वतः भरलेले असतील तर. मे महिन्यात बंद गाडीच्या आत ठेवण्याची ती वस्तू नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीलाही मोठ्या बॅटरीशिवाय एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर दारेही उघडत नाहीत. तिच्यासाठी पुस्तकात दिलेली रीतच पाळावी.

गरम प्रदेशात मोटारीची बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते. पूर्ण भरूनही दोन दिवसांत १२.४ च्या खाली येणारी, पोट फुगलेली किंवा भरताना कुजक्या अंड्याचा वास येणारी बॅटरी बदलावी. नवी घेताना तिच्यावरची निर्मितीची तारीख पाहावी, कारण दुकानाच्या फळीवर पडून असलेली बॅटरीही अंगणातल्या गाडीसारखीच उतरत असते. लहान गावात एखादे मॉडेल वर्षभर पडून राहू शकते. तीन महिन्यांच्या आतली मिळत नसेल तर बालाघाट किंवा गोंदियाहून मागवायला सांगावे, आणि घेण्यापूर्वी दुकानातच व्होल्ट मोजून घ्यावेत. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख दुकानातच भरून घ्यावी. वॉरंटीचे दोन भाग असतात: पहिल्या काळात बॅटरी फुकट बदलून मिळते, पुढच्या काळात फक्त किमतीत सूट. दोन्हींचे महिने कार्डावर वाचून घ्यावेत.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. तो आतले ॲसिड नालीत ओततो आणि शिसे चुलीवर वितळवतो. त्या धुरातले शिसे मुलांच्या मेंदूला बाधते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदार जुनी परत घेऊन नवीच्या किमतीतून तिचे पैसे वजा करतो. ती रक्कम पावतीवर लिहून घ्यावी. नवी बसवताना तिच्या कडेला ऑइलपेंटने महिना आणि वर्ष लिहून ठेवावे. कागद हरवतात, बॉनेटखालचा रंग राहतो.